ब्लॉक हीटर: जुन्या ट्रॅक्टरच्या अंगातली थंडी काढणारी कांडी

आधी निकाल, मग फिर्याद. जुना डिझेल ट्रॅक्टर कडाक्याच्या थंडीत रोज सकाळी चालू करावा लागत असेल आणि तो उभा राहतो तिथे विजेची सोय असेल, तर ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमधलं कूलंट विजेवर तापवणारी कांडी, बसवून घ्या. मी थंडी पडायच्या आधी बसवला, हिवाळाभर वापरला आणि पुढच्या हिवाळ्यातही तोच राहणार आहे. पण त्याआधी बॅटरी आणि केबली तपासा, नाहीतर हीटरला विनाकारण शिव्या द्याल.

माझा हीटर इंजिनच्या कोअर प्लगच्या (ब्लॉकमधल्या कूलंटच्या जागेचं भोक बंद करणाऱ्या टोपीच्या) भोकात बसणारा, ६०० वॅटचा. कंपनीचं नाव देत नाही. एक तर माझ्या काही तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे या जातीच्या बहुतेक हीटरांची घडण इतकी सारखी असते की नावापेक्षा प्रकार महत्त्वाचा. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, अडीच लिटरचा, डायरेक्ट इंजेक्शनचा. वय माझ्या धाकट्या भावाएवढं, आणि सकाळी लवकर उठवलेलं दोघांनाही खपत नाही. गुरांना चारा न्यायचा असतो, त्यामुळे ‘ऊन चढल्यावर बघू’ म्हणायची सोय नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा थंडीशी संबंध मात्र पुष्कळांच्या डोक्यात जुळलेला नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. एवढ्यावर सगळा कारभार. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० ते २५० अंश लागतात, पण तेवढ्यावर ते सावकाश पेटतं. फवारा आत आल्याबरोबर पेटायचा तर हवा त्याहून बरीच तापलेली हवी. अठरापट दाबणाऱ्या इंजिनात २० अंशांची हवा थोडीफार गळती धरूनही ४०० अंशांच्या वर जाते. आता हीच हवा उणे १० अंशांची घ्या. सिलिंडरची भिंत तेवढीच गार, ऑइल घट्ट, आणि सेल्फ इंजिनाला कण्हत कण्हत फिरवतोय. पिस्टन हळू चालला की दाब पुरा व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात उष्णता भिंतीत जिरते आणि झिजलेल्या रिंगांच्या फटींतून हवाही निसटते. मी ढोबळ हिशोब करून पाहिला. आकडा दोनशेच्या घरात उतरू शकतो. मग डिझेल आत पडतं, न पेटता तसंच राहतं आणि पांढऱ्या धुराच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर येतं. धूर पांढरा येतोय याचा अर्थ डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. धूरच येत नसेल तर दुखणं वेगळं आहे, हीटरकडे बघू नका, पंपाकडे आणि फिल्टरकडे बघा.

म्हणजे थंडीत तीन गोष्टी एकदम बिघडतात. हवा पुरेशी तापत नाही, ऑइल इंजिनाला फिरू देत नाही, आणि बॅटरीत जोर उरत नाही. ब्लॉक हीटर पहिल्या गोष्टीवर अक्सीर इलाज आहे, दुसरीवर थोडाफार, तिसरीवर अजिबात नाही. या वस्तूबद्दल लोकांचे जे गैरसमज आहेत ते सगळे इथूनच निघतात.

म्हणून आधी तिसरी गोष्ट. माझी पुतणी इलेक्ट्रिकलला शिकते. मी नवी बॅटरी आणायला निघालो होतो तेव्हा ती म्हणाली, “काका, आणा हवी तर, पण आधी पाच मिनिटं द्या.” मल्टिमीटरची एक काडी तिने बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवली (क्लिपवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरी सेल्फच्या अंगावर, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. मीटरवर एक व्होल्टाच्या वर आकडा आला. तिथे अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त दिसता कामा नये. म्हणजे बॅटरी देत होती, पण वाटेतच गळत होतं: गंजलेली अर्थिंगची पट्टी, रंगावर आवळलेला बोल्ट, आणि केव्हातरी कोणीतरी लावलेली बारीक केबल. सेल्फ डिझेल इंजिन फिरवताना काहीशे अँपिअर ओढतो. तेवढ्या प्रवाहाला वाटेत जरासा अडथळा आला तरी १२ व्होल्टांपैकी सेल्फच्या वाट्याला नऊच उरतात. आम्ही ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली, अर्थिंगची पट्टी रंग खरवडून थेट सेल्फच्या बोल्टाखाली घेतली आणि बॅटरी आहे तीच ठेवली. सेल्फचा आवाजच बदलला. हिवाळ्याच्या सगळ्या खर्चात सर्वांत जास्त फळ कुठे मिळालं असं कोणी विचारलं, तर मी हीटरचं नाही, केबलीचं नाव घेईन. हीटरच्या परीक्षणात हे लिहिणं विचित्र वाटेल, पण खरं तेच.

बॅटरी घ्यायचीच असेल तर अँपिअर-अवरपेक्षा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, म्हणजे थंडीत किती करंट देते ते) बघा. हा आकडा उणे १८ अंशांवर काढलेला असतो: ३० सेकंद तेवढा करंट ओढूनही १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जायची नाही. थंडीत शिशाच्या बॅटरीचा जोर शून्य अंशाला साधारण पाचवा हिस्सा आणि उणे १८ ला निम्म्याच्या आसपास कमी होतो. आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरी उतरलेली ठेवू नका. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही, पूर्ण उतरलेलीत ते जवळजवळ पाणीच असतं आणि उणे ७-८ लाच गोठून डबा फोडतं. गोठलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, हेही लक्षात असू द्या.

ऑइलचं थोडक्यात. ट्रॅक्टर ज्यांच्याकडून आला त्यांनी त्यात सिंगल ग्रेड ४० भरलेलं होतं. ते काढून १५डब्ल्यू-४० घातलं. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो: १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. तुमच्याकडे थंडी जेवढी, त्याप्रमाणे निवडा. जुन्या इंजिनला पातळ ऑइल चालत नाही म्हणणारे ‘४०’ हा दुसरा आकडा विसरतात. तापल्यावर ते चाळीसच असतं.

आता खुद्द हीटर. डब्यात एवढंच: पितळी बुडावर वळवलेली तापणारी नळी, एक ओ-रिंग, मधला स्क्रू आणि त्याच्या टोकाला भोकाच्या आतून पकडणारी आडवी पट्टी, आणि वायर. माहितीपत्रकाच्या एका चतकोरावर चित्र, तेही दुसऱ्याच कुठल्या इंजिनचं. कोअर प्लगचे व्यास इंजिनागणिक वेगळे असतात, त्यामुळे ‘ट्रॅक्टरसाठी’ असं लिहिलेलं बघून घेऊ नका. आपल्या इंजिनचा प्लग मोजा, आणि शक्य असेल तर जुना प्लग काढून आत बोट घालून सिलिंडरची भिंत किती अंतरावर आहे तेही चाचपा. मापाचा पण नळी लांब असलेला हीटर भिंतीला टेकतो आणि तिथेच जळून जातो.

बसवणं अवघड नाही, घाणेरडं आहे. कूलंट रेडिएटरच्या तोटीतून आणि ब्लॉकच्या तोटीतून, दोन्हीकडून काढायचं. नुसतं रेडिएटर रिकामं केलं तर ब्लॉकमधलं सगळं प्लग निघाल्यावर बाहीत येतं. कोअर प्लगच्या एका कडेवर पंच ठेवून ठोकला की तो भोकात आडवा फिरतो, मग पक्कडीने ओढून घ्यायचा. सरळ मधोमध ठोकत राहिलात तर प्लग आत पडेल. आमच्या प्लगामागे गंजाचा तांबडा गाळ इतका साचला होता की पाण्याचा पाइप लावून ब्लॉक धुवायलाच हीटरपेक्षा जास्त वेळ गेला. जुन्या इंजिनला हा गाळ असतोच. हीटर त्यात रुतवून बसवला तर नळीवर खपली धरते आणि हीटर लवकर मरतो. भोकाची कड पॉलिश पेपरने चकचकीत केली, ओ-रिंगला ग्रीस लावलं, नळी कुठेही बिडाला टेकत नाही असा कोन साधला आणि स्क्रू आवळला. किती आवळायचा ते माहितीपत्रकात आहे, एवढं श्रेय देतो.

मग कूलंट भरायचं, इंजिन चालवून गरम करायचं, हवा निघू द्यायची, पातळी पुन्हा भरायची, आणि मगच हीटरला वीज द्यायची. कोरड्या हीटरला वीज मिळाली की तो बघता बघता जळतो. कूलंट म्हणजे साधं पाणी नव्हे. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. “हीटर आहे ना, मग पाणीच घालू” म्हणणारे भेटतात. रात्री वीज गेली की ब्लॉक तडकतो, आणि जुन्या इंजिनचा ब्लॉक शोधत फिरायची हौस कोणाला असेल असं वाटत नाही.

पहिल्यांदा वीज दिली की कान लावून ऐका. थोड्या वेळात बारीक सूंऽऽ असा आवाज येतो. नळीभोवतीचं कूलंट तापून वर चढतंय, त्याचा तो. आवाज आला म्हणजे काम सुरू. माझा भाऊ हा आवाज ऐकून मागे सरकला होता.

आता कामगिरी. उणे ८-१० अंशांच्या सकाळी, अडीच-तीन तास हीटर चालल्यावर सिलिंडर हेडवर हात ठेवला तर ते कोमट लागतं. क्लच दाबून, हात-रेस अर्धी ओढून सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन फेऱ्यांत धरतं. आधी धुराचा जो पांढरा लोट निघून गोठ्यापर्यंत जायचा तो आता एका झुळकेपुरता. पहिल्या मिनिटातली ती खडखड, तीही पुष्कळ कमी. एका सिलिंडरवर खोकत, मग दोनवर, मग तिसरा जागा होईपर्यंत अख्खं बॉनेट हलवणारा तमाशा बंद झाला, हेच मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. न पेटलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. जुन्या लाइनर-पिस्टनची झीज अशा सकाळींतच होते.

किती वेळ लावून ठेवायचा यावर गावगप्पा फार, म्हणून हिशोबच मांडतो. इंजिनचं बीड धरा २०० किलो, कूलंट १० लिटर. एवढ्याला एक अंश तापवायला साधारण १२५ ते १३० किलोज्यूल लागतात. ६०० वॅटचा हीटर तासाला २,१६० किलोज्यूल देतो. म्हणजे उष्णता कुठेच वाया गेली नाही असं धरलं तर तासाला १७ अंश. प्रत्यक्षात ब्लॉक उघड्यावर असतो, वारा लागतो, बीड जसजसं तापतं तसतशी गळतीही वाढते; निम्मं पदरात पडलं तरी तीन तासांत वीस-पंचवीस अंश चढतात. यापुढे काटा जवळजवळ थांबतो, कारण जेवढी आत जाते तेवढीच बाहेर जायला लागते. रात्रभर, म्हणजे दहा तास लावलात तर ६ युनिटं जळतात. टायमर लावून तीन तास चालवलात तर १.८. इंजिन दोन्ही वेळा सारखंच गरम. टायमर घ्या. बॉनेटवर जुनी गोधडी टाकली तर फरक आणखी पडतो, फक्त ती चालू करण्याआधी काढायची आणि पंख्याच्या पात्यापासून लांब ठेवायची.

हीटर काय करत नाही तेही बघू. संपमधलं (इंजिनच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल तो थेट तापवत नाही. वरून झिरपेल तेवढीच ऊब. त्यामुळे ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत रेस वाढवायची नाही, हा जुना नियम तसाच लागू. गिअरबॉक्समधलं आणि हायड्रॉलिकचं ऑइल तर तसंच गार. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबायचा तो यासाठीच. नाहीतर बॅटरी इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही ढवळत बसते. हायड्रॉलिक पंप थेट इंजिनवर असेल तर त्याला मात्र सोडवता येत नाही, तो भार धरूनच चालावं लागतं.

आणि डिझेल. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते आधी धुक्यासारखं दिसू लागतं आणि मग फिल्टरच्या कागदावर साचून बसतं. अशा वेळी इंजिन छान चालू होतं, दोन-चार मिनिटं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. मंडळी हीटरवर खापर फोडतात, दोष टाकीत असतो. थंडीचं डिझेल मिळत असेल तर ते वेळेत भरा. मेण न धरू देणारं औषध घालायचं असेल तर डिझेल पातळ आणि स्वच्छ असतानाच घाला. एकदा मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही. रॉकेल मिसळायची जुनी रीत चालते, पण रॉकेलला वंगण कमी आणि पंपाचं सगळं वंगण डिझेलवरच. फिल्टरच्या वाटीतलं पाणी हिवाळ्याआधी सोडा, गोठलं तर मेणाची वाटही बघायला नको.

पर्यायांकडे येऊ, म्हणजे भावाकडे येऊ. त्याचा जीव ईथरच्या स्प्रेवर. “दादा, एअर क्लीनरमध्ये दोन पिचकाऱ्या मारल्या की विषय संपला. तुझी ती वायर आणि तो टायमर कोण सांभाळणार?” खरं आहे, ईथर १६०-१८० अंशांनाच पेटतं, म्हणून मेलेलं इंजिनही उठतं. पण ते डिझेलच्या ठरलेल्या वेळेची वाट बघत नाही. पिस्टन अजून वर येत असतानाच भडका होतो आणि दणका पिस्टनच्या डोक्यावर. रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटलेले पिस्टन बघितले आहेत मी. आणि इंजिनला ग्लो प्लग (सिलिंडरच्या आत तापणारी कांडी) किंवा मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) हीटर असेल तर ईथर वापरणं म्हणजे लाल तापलेल्या तारेवर ते ओतणं. एअर क्लीनर उडून गेलेला बघायचा नसेल तर दोन्ही एकत्र कधीच नाही. आमच्या इंजिनला थर्मोस्टार्ट, म्हणजे मॅनिफोल्डमधला हीटरच, आहे. त्यामुळे वाद तिथेच मिटला. निदान मी तरी तो मिटल्याचं धरलं आहे.

थर्मोस्टार्ट ही वस्तू मात्र लोकांनी उगाच बदनाम केली. इनलेट मॅनिफोल्डमध्ये बसवलेली तार तापते, तापली की तिच्यातली झडप उघडते, छोट्या टाकीतलं डिझेल थेंबाथेंबाने येऊन तिथेच पेटतं आणि आत जाणारी हवा ज्योतीवरून गरम होऊन जाते. किल्ली ‘हीट’वर १५ ते २० सेकंद धरून मग सेल्फ मारायचा. लोक पाच सेकंद धरतात, किंवा त्या छोट्या टाकीत डिझेलच पोचत नसतं आणि नुसती तार तापत राहते. नळी सोडून डिझेल येतंय का एवढं बघितलं तरी निम्मी थर्मोस्टार्ट दुरुस्त होतात. शून्याच्या आसपासच्या थंडीला ती पुरते. त्याखाली हीटर आणि ती अशी जोडी लावली की मी दुसरं काही मागत नाही.

खालच्या रेडिएटर होजमध्ये बसणारे हीटर बसवायला सर्वांत सोपे, होज कापला की झालं, पण तिथून ऊब ब्लॉकमध्ये हळू चढते आणि थोडी रेडिएटरकडेही जाते. बाहेरून दोन होज जोडून बसवायचा टाकीचा हीटर १,००० ते १,५०० वॅटचा मिळतो, बऱ्याचदा थर्मोस्टॅटसकट. मोठ्या, सहा सिलिंडरच्या इंजिनला मी तोच सुचवीन. तो इंजिनच्या खालच्या अंगाला बसवावा लागतो आणि वरच्या होजला कुठेही उंचवटा चालत नाही. हवा अडकली की फिरणं बंद आणि हीटर बाद. संपला चिकटणारे चुंबकाचे हीटर दोनशे-तीनशे वॅटचे असतात. पत्र्याच्या संपला चिकटतात, ॲल्युमिनियमला नाही. ऑइल सैल होतं हे खरं, पण सिलिंडरची भिंत गारच राहते. ब्लॉक हीटरला जोडीदार म्हणून ठीक, एकटा असेल तर अपुरा.

प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी सिलिंडरशेजारच्या छोट्या खोलीत पेटवणाऱ्या) जुन्या इंजिनांना ब्लॉक हीटरचा फायदा आमच्याहूनही जास्त व्हायला हवा. त्या छोट्या खोलीच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता जास्त शोषतात, म्हणून तर त्यांना दाब जास्त ठेवावा लागतो आणि ग्लो प्लग लागतात.

जुन्या लोकांनी यावर काय काय केलंय ते वाचलं की आपली कांडी फारच सभ्य वाटते. लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरच्या पुढच्या गोळ्याला ब्लोलॅम्पने तापवायचं आणि स्टिअरिंग चाक दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलमध्ये खुपसून इंजिन फिरवायचं. फील्ड मार्शल ट्रॅक्टरच्या एकाच भल्यामोठ्या सिलिंडरमध्ये धुमसणारा कागद स्क्रूच्या टोकाला लावून घालायचा, हाताने फिरेना तर बंदुकीसारखं काडतूस उडवायचं. फारमॉल एमडी पेट्रोलवर ठिणगीने चालू व्हायचा आणि तापला की दांडी ओढून त्याला डिझेलवर घ्यायचं. १९४९ मध्ये आलेल्या जॉन डिअर आर या मॉडेलला मोठं इंजिन फिरवायला वेगळं छोटं पेट्रोल इंजिनच होतं. कॅटरपिलरच्या जुन्या क्रॉलरांनाही (चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनाही) तसंच, आणि तिथे दोन्ही इंजिनांचं पाणी सामायिक. छोटं चालत राहायचं तेवढ्यात मोठ्याच्या ब्लॉकला ऊब मिळायची. ब्लॉक हीटरच तो, फक्त पेट्रोल पिणारा. विजेचा हेडबोल्ट हीटर त्याच १९४९ सालचा: नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना त्याचं पेटंट मिळालं. सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून तिथे आतून तापणारा पोकळ बोल्ट घालायचा. त्याआधी तिकडे रात्री ऑइल काढून घरात ठेवायचे आणि सकाळी गरम गरम ओतायचे.

तक्रारी. पहिली वायरची. लांबी इतकी तोकडी की प्लगचं तोंड बॅटरीच्या खालीच लोंबतं, ग्रिलपर्यंत येत नाही. प्लगला जे रबरी झाकण दिलंय ते थंडीत कडक होऊन चिरलं, आत ओल शिरली आणि पितळी पिना हिरव्या पडल्या. मी वायर वाढवून ग्रिलजवळ झाकणाचा पक्का प्लग बसवला. हे काम कंपनीने करून द्यायला हवं होतं. दुसरी तक्रार, यात थर्मोस्टॅट नाही. टायमर विसरला तर हीटर बापडा तापतच राहतो. तिसरी माहितीपत्रकाची, ती वर येऊन गेली.

घेताना व्होल्टेज नीट वाचा. ११५ व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर चौपट वॅट ओढतो, ६०० चा २,४०० होतो आणि फार काळ जगत नाही. उलट २३० चा ११५ वर लावला तर १५० वॅटचा होतो आणि तुम्ही कोमट पाण्याची वाट बघत बसाल. करंट फार नाही, २३० व्होल्टवर अडीच अँपिअरच्या थोडा वर, ११५ वर पाच. तरी जाड आणि तीन तारांचीच एक्स्टेन्शन वापरा, आणि ईएलसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) नाही. हीटर इंजिनच्या लोखंडाशी जोडलेला आहे, आत नळी फुटली तर अख्खा ट्रॅक्टर करंट मारेल. प्लगचे सांधे गवताच्या गंजीजवळ ठेवू नका. आणि वायर स्टिअरिंगवर दिसेल अशी लटकवा. प्लग भिंतीला आणि ट्रॅक्टर शेताकडे निघालाय, हा प्रकार हीटर वापरणाऱ्या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी होतो म्हणतात.

पाचपैकी चार गुण. अर्धा वायरसाठी कापला, अर्धा थर्मोस्टॅट आणि माहितीपत्रक मिळून.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. पारा शून्याच्या खाली क्वचितच जात असेल तर थर्मोस्टार्ट किंवा ग्लो प्लग दुरुस्त करा, तेवढं पुरेल. ट्रॅक्टर विजेपासून लांब उभा राहत असेल तर हीटरचे पैसे बॅटरीत आणि केबलीत घाला, आणि उतार सापडत असेल तर तिथे उभा करा. इंजिनचं कॉम्प्रेशन पारच गेलेलं असेल तर हीटरने हिवाळा निघेल, पण हाफ इंजिनचं (रिंगा, पिस्टन, लाइनर बदलायचं) काम काही टळत नाही. ते उन्हाळ्यात करून घ्या, आणि इंजिन उघडलंच आहे तर कोअर प्लगही त्याच वेळी काढा. हीटर बसवायला त्याहून सोपी वेळ नाही.